बाओफेंग यूव्ही-५आर: रिपीटरवर पहिल्यांदा बोलायला पुरतो का?

व्हीयू३ कॉलसाईन (हौशी रेडिओच्या लायसन्ससोबत मिळणारं ओळखनाव) आलं की लगेच रेडिओ सेटचा विषय निघतो आणि जुन्याजाणत्या हॅम्सना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, विचारलं तर अर्धे म्हणणार बाओफेंग (स्वस्तातला चिनी वॉकी-टॉकी) घेऊन टाक, अर्धे म्हणणार ते खेळणं सोडून काहीपण घे. मी पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, गच्चीवर मोठा अँटेना लावायला सोसायटी काय परवानगी देत नाय, त्यामुळे सध्या हाच सेट. माझ्या मते लोकल रिपीटरपुरता तो बास आहे, कारण मेहनत आपला सेट करतच नाही, डोंगरावरचा रिपीटर करतो. आपले ४-५ वॉट तिथपर्यंत पोचले की झालं, पुढे तो उंचावरून जास्त पॉवरने आपलाच आवाज परत सोडतो आणि डोंगरापलीकडच्या गावातला माणूस निवांत ऐकतो.

सगळ्यात आधी एक सांगतो, आपल्याकडे लायसन्स आधी आणि सेट नंतर. ऑनलाईन स्वस्तात दिसला म्हणून उचलला, असं करू नका.

आता सेटिंग, कारण नवा माणूस इथेच अडकतो. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो, दोन मीटरला (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा बँड) हा फरक, म्हणजे ऑफसेट, साधारण ६०० किलोहर्ट्झ. समजा तो १४५.७०० वर ऐकू येतोय तर आपण बोलायचं १४५.१०० वर. मेनू २५ मध्ये मायनस निवडायचं, २६ मध्ये ऑफसेटला ०००६०० दाबायचं आणि स्क्रीनवर ००.६०० आलंय का ते डोळे उघडे ठेवून बघायचं. तिथे ०६.००० असेल तर तुम्ही १३९.७०० वर बोलत बसाल आणि सेट चूं पण करणार नाही, कारण तो १३६ ते १७४ पर्यंत कुठेही ट्रान्समिट करतो, आपल्याला परवानगी मात्र या बँडात फक्त १४४ ते १४६ ची!

मग टोन. बरेच रिपीटर ठरलेला सीटीसीएसएस टोन (आवाजासोबत जाणारा, आपल्याला ऐकू न येणारा खालचा सूर) आल्याशिवाय उघडतच नाहीत, तो मेनू १३ मध्ये टाका. मेनू ११ वाला रिसीव्हचा टोन सुरुवातीला बंदच ठेवा, नाहीतर रिपीटर टोन परत पाठवत नसेल तर लोक गप्पा मारतायत आणि तुमचा सेट ढिम्म. मेनू ५ वाइडवर आहे ना तेपण बघा, नॅरोवर असला तर समोरचा म्हणतो ओएम (हॅम्समधलं ‘मित्रा’) आवाज फार बारीक येतोय.

कीपॅडवरून हे सेव्ह करणं म्हणजे डोक्याला ताप. एकाच चॅनेलमध्ये आधी रिसीव्हची फ्रिक्वेन्सी सेव्ह करा, मग ट्रान्समिटची, आणि सेटमधली ती बाई मधेमधे इंग्लिशमध्ये बोलत असते (मेनू १४, पहिलं काम म्हणजे तिला गप्प करा). त्यापेक्षा लॅपटॉपवर चर्प नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, पाच मिनिटांत सगळे रिपीटर भरून होतात. केबल मात्र एफटीडीआय चिपवाली मागा. मला एका दुकानदाराने स्वस्तातली दिली होती, तिच्यात नकली चिप, विंडोजने ओळखच दाखवली नाही.

सेट झाला की आधी ऐका. नेट (ठरल्या वेळी रेडिओवर भरणारी बैठक) कधी भरतं, कोण कसं बोलतं ते कळू दे, मग चॅनेल मोकळं असताना पीटीटी (बोलायचं बटण) दाबा, क्षणभर थांबा, कॉलसाईन सांगून ‘मॉनिटरिंग’ (म्हणजे ऐकतोय) म्हणा आणि सोडा. सोडल्यावर लाल लाईट जाऊन हिरवा एक-दोन सेकंद राहिला आणि स्पीकरमधून हलकी खरखर येऊन कट झाली तर रिपीटर उघडला, ती त्याची शेपटी. उत्तर नाही आलं तर लोक ऑफिसात असतील, सेटवर शंका घेऊ नका. हिरवा लागलाच नाही तर जागा बदला. एक पाऊल सरकलं तरी फरक पडतो, स्लॅबच्या आडून खिडकीत आलं तर विचारूच नका. अँटेना उभाच धरा.

सोबत येणारा बुटका अँटेना यथातथाच. साधारण अर्धा मीटर वायर घेऊन एसएमए कनेक्टरच्या (अँटेना जिथे फिरवून बसवतो तो) बाहेरच्या धातूला टेकवून खाली लोंबती सोडली तर फुकटात सिग्नल सुधारतो. दिसायला भंगार दिसतं, चालतं. विकतचा लांब अँटेना घेणार असाल तर एसएमए फीमेल बघून घ्या, या सेटला तोच बसतो.

कमजोरी रिसीव्हरची. सगळा रेडिओ एका चिपवर बसवलाय, फिल्टरिंग जेमतेम, त्यामुळे जवळपास तगडा ट्रान्समीटर असला की सेट बहिरा होतो. आणि मोठा अँटेना लावला की हा त्रास कधीकधी वाढतोच, रिपीटर आणखी दबतो. एफएमवर १०१ ला विविध भारती मस्त लागतं, ते वेगळं.

एक मजा राहिलीच. दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या सेव्ह होतात म्हणून स्पेस स्टेशनवरचा रिपीटरपण यात बसतो, ऐकायला ४३७.८००, बोलायला १४५.९९० आणि टोन ६७. डॉप्लरमुळे (स्टेशन वेगाने जवळ येतं आणि लांब जातं म्हणून) ४३७ वाली १० किलोहर्ट्झपर्यंत सरकते, म्हणून तिच्या वरची-खालची दोन-चार चॅनेलं भरून ठेवा. ऐकू येतं, बोलायला या अँटेनावर नशीब लागतं.

पाचपैकी साडेतीन. टॉवरांच्या गर्दीत राहत असाल किंवा गाडीतून रोज बोलायचं असेल तर थोडे पैसे साठवा आणि मोबाईल सेटच (गाडीत बसवायचा रेडिओ) घ्या.