घरी वाढवायला तुरटी की मोहर सॉल्ट?

मोहर सॉल्ट म्हणजे लोह आणि अमोनियम यांचे सल्फेट. बारावीच्या प्रॅक्टिकलला ही दोन्ही डबल सॉल्ट, म्हणजे दोन क्षार एकाच स्फटिकात बांधलेली संयुगे, बनवलेली असतात, म्हणून कृती पुन्हा सांगत नाही. तिथे बशीत बारीक खडे पडले की काम झाले. घरी मात्र एकच मोठा, स्वच्छ स्फटिक आठवडेच्या आठवडे वाढवायचा आणि पुढे सोलापूरच्या हवेत टिकवायचा असतो, आणि तिथे या दोघांचे स्वभाव अगदी उलटे निघतात. मी दोन्ही वाढवले आहेत.

दिसायला मोहर सॉल्ट उजवे, हे आधीच मान्य करतो. फिकट हिरवा रंग, तिरकस कडा, उजेडात धरले की काचेसारखी झाक. तुरटीचा अष्टफलक, म्हणजे आठ त्रिकोणी बाजूंचा स्फटिक, रंगहीन असतो. त्याची शोभा सगळी आकारात, आणि ती कळायला स्फटिक मोठा व्हावा लागतो.

टिकण्यातही मोहर पुढे. वाळलेले मोहर सॉल्ट हवेत सहजासहजी बदलत नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला (द्रावणाची तीव्रता मोजण्याच्या प्रयोगाला) साध्या हिराकशीऐवजी, म्हणजे फेरस सल्फेटऐवजी, तेच वजन करून घेतात ते याचसाठी. तुरटीच्या रेणूमागे पाण्याचे 12 रेणू असतात आणि आपल्याकडचा कोरडा उन्हाळा ते पृष्ठभागावरून ओढून घेतो. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर ठेवलेला खडा आधी मंद दिसू लागतो, मग पांढरा पडतो.

एवढे वाचून कौल मोहरकडे झुकला असेल. माझाही झुकला होता. तो फिरला द्रावणामुळे.

स्फटिक वाढवायचा तर पाणी सावकाश उडायला हवे, म्हणजे भांड्याचे तोंड नुसत्या कागदाने झाकून हवा खेळती ठेवायची. मोहरच्या द्रावणाला नेमकी हीच हवा बाधते. त्यातले फेरस (Fe²⁺) लोह ऑक्सिजनने फेरिक (Fe³⁺) होते, हिरवट पाणी पिवळसर होत जाते, आणि आम्ल कमी असेल तर तांबूस गाळ धरतो. प्रॅक्टिकलच्या दोन-तीन तासांत हे जाणवत नाही. घरी दिवसामागून दिवस जातात, तसा तो गाळ वाढत्या पृष्ठभागावर बसतो आणि त्याच्यावर नवा थर चढतो. मग ती तांबूस रेघ आतच राहते, बाहेरून पुसता येत नाही. उपाय आहेत. विरळ सल्फ्युरिक आम्लाचे थेंब घालावे लागतात, द्रावण पुन्हा पुन्हा गाळावे लागते. लोखंडी खिळा टाकला तर फेरिक पुन्हा फेरस होते, पण खिळा आम्लही खातो. शिवाय लहान मुलांच्या घरात आम्लाची बाटली आठवडेच्या आठवडे हाताशी ठेवणे मला पटत नाही. तुमच्याकडे कुलूपबंद कपाट आणि गाळायची चिकाटी असेल, तर कदाचित तुमचा अनुभव वेगळा येईल.

तुरटीचे द्रावण मात्र महिनाभर उघडे राहिले तरी बिघडत नाही. धूळ पडली तर गाळा, पुढे चला. तिचा एकच हट्ट आहे, तो तापमानाचा. 100 मिली पाण्यात 20 अंशांना साधारण 11-12 ग्रॅम तुरटी विरघळते, 40 अंशांना त्याच्या दुप्पट. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी खोली तापली की दोऱ्याला टांगलेले बी, म्हणजे ज्यावर स्फटिक वाढतो तो छोटा खडा, झिजते, कधी पुरते नाहीसे होते. भांडे थर्माकोलच्या खोक्यात घालून आतल्या खोलीत फरशीवर ठेवावे. सगळ्यात बरा काळ थंडीचा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीत संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या यात्रेच्या, सुमारास लावलेले बी होळीपर्यंत ऐटबाज होते.

माल घेताना एक पाहा. बाजारात तुरटी म्हणून मिळणारा प्रत्येक खडा पोटॅश ॲलम (पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचे सल्फेट, म्हणजे खरी तुरटी) नसतो. अमोनियम ॲलम निघाले तरी चालते, तेही अष्टफलकच देते. पण पाणी निवळायची मोठी लादी बहुधा नुसते ॲल्युमिनियम सल्फेट असते, त्यातून असे स्फटिक येत नाहीत. म्हणून आधी चमचाभर विरघळवून बशीत सुकवा. अष्टफलक दिसले तरच पुढचे घ्या. पाणी नळाचे नको, बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर वापरा.

राहिला तुरटीच्या पांढरे पडण्याचा प्रश्न. स्फटिक बाहेर काढल्यावर पाण्याने धुऊ नका, कडा बोथट होतात. टिपकागदाने टिपून एक दिवस सावलीत ठेवा आणि रंगहीन नेलपॉलिशचे दोन-तीन पातळ हात द्या. लेप आवडत नसेल तर घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत ठेवून सोबत तुरटीचे काही बारीक तुकडे टाका. बाटलीतल्या हवेला लागणारी वाफ ते तुकडे पुरवतात, मुख्य स्फटिक शाबूत राहतो. सिलिका जेलची पुडी मात्र चुकूनही नको. ओल शोषायची म्हणून लोक ती टाकतात, आणि ती तुरटीतलेच पाणी ओढते. माझे लेप दिलेले खडे सोलापूरचे उन्हाळे काढून अजून पारदर्शक आहेत.