गिझर अर्ध्या विजेवर चालतो का?

लॉजवाले, हॉस्पिटलवाले, मंगल कार्यालयवाले, सगळ्यांनीच वाचा. "बिल्डिंगचं एनर्जी मॉनिटरिंग कम्पलसरी झालंय" म्हणत सोलापुरात माणसं फिरतायत. आमच्या लॉजचे २,६१,००० रुपये गेले. मीटर आणि वीज वाचवणारी "सेव्हर" पेटी यांचे २ लाख अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे २,३६,०००. त्यातले १,४१,६०० आगाऊ, ९४,४०० "बचत दिसल्यावर". वर सर्टिफिकेटचे २५,००० रोख, बिनपावतीचे.

भीती खऱ्या कायद्याची घातली, म्हणून पटली. ऊर्जा संवर्धन कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, २०२२ ची दुरुस्तीही खरी. पण इमारतींची संहिता मुख्यतः नव्या बांधकामाला आणि १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणीपासून लागते (राज्य ही मर्यादा खाली आणू शकतं). आमची इमारत जुनी, मंजूर भार ६४ किलोवॅट. तो बिलावर छापलेला असतो. बिल ड्रॉवरमध्येच होतं.

सामान खरं होतं: मेनवर एक आणि फीडरवर (आतल्या वेगवेगळ्या लाइनींवर) पाच मीटर, १८ सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट मीटरला झेपेल इतका लहान करणारे), मीटरचे आकडे पाठवणारा सिमवाला गेटवे, मोबाइलवर अ‍ॅप. खोटी होती ती "सेव्हर" पेटी. आत कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा.

मेनचे सीटी २००/५ चे, म्हणजे २०० अँपिअरचे ५ करणारे. पहिले १५ दिवस मीटरमध्ये रेशो बरोबर भरलेला, तोही ऐन गड्ड्याच्या यात्रेत, लॉज भरलेला असताना. तो झाला "आधीचा वापर". मग पेटी बसवली आणि "अपडेट"च्या नावाखाली रेशो १००/५ केला. ८२ अँपिअरला सीटीतून २.०५ अँपिअर येतात. मीटरने ४० ने गुणायचं ते २० ने गुणलं. वापर निम्मा! गड्डा संपल्यावर खोल्या रिकाम्याच होतात, त्यामुळे आलेख उतरला याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

पण ट्रायलच्या दिवशी कळायला हवं होतं. २४ खोल्यांतले २ किलोवॅटचे २४ गिझर एकदम लावले. नुसते गिझरच ४८ किलोवॅट. डिस्प्लेवर २९! वायरमनच्या, वायरीला चिमट्यासारखं लावून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ८२ अँपिअर, डिस्प्लेवर ४१. त्यांचा माणूस म्हणाला, "क्लॅम्प सेव्हिंगच्या आधीचं दाखवतो." आणि आम्ही मान डोलावली. गिझर म्हणजे निव्वळ कॉइल. पाणी तेवढंच तापवायचं तर वीज तेवढीच लागणार, कुठलीही पेटी लावा. हे दहावीच्या पोराला कळतं. त्याच संध्याकाळी ९४,४०० पाठवले.

महिन्याने अ‍ॅपवर ४,३१० युनिट, बिलात ८,६५५. फोन बंद.

पोलीस ठाण्यात सांगितलं, माल मिळालाय ना, मग हे दिवाणी. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ठाण्यात जा. वीज कंपनी म्हणाली, आमच्या मीटरच्या पुढचं तुमचं. ग्राहक तक्रारीला गेलो तर व्यवसायासाठी घेतलेली वस्तू, तुम्ही ग्राहकच नाही! चार टेबलं, चार झेरॉक्स संच, आणि प्रत्येक ठिकाणी वर हाच प्रश्न: "एवढे शिकलेले असून कसे फसलात?" हे विचारायला मात्र सगळ्यांना वेळ होता.

सर्टिफिकेट देणारा एनर्जी ऑडिटर प्रमाणित आहे का, ते बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) संकेतस्थळावरच्या यादीत बघा. त्याने दिलेल्या कागदावर नको. सीटीवर छापलेला रेशो आणि मीटरमध्ये भरलेला रेशो, दोन्हींचा फोटो पैसे देण्याआधी. वीज कंपनीचं मीटर आणि तुमचं मीटर एकाच वेळी वाचा, २४ तासांनी पुन्हा वाचा. दोन-तीन टक्क्यांवर फरक गेला तर काहीतरी चुकलंय. एक सीटी उलटा बसला तरी समतोल लोडवर रीडिंग एक तृतीयांश येतं, म्हणजे प्रत्येक वेळी चोरीच असते असंही नाही. सिम स्वतःच्या नावावर, मीटरचा पासवर्ड स्वतःकडे. आमचं सिम त्यांचं होतं, अ‍ॅप कधीच मेलं.

रागाच्या भरात सीटीच्या वायरी उपटू नका. चालू लाइनवर सेकंडरी (सीटीची मीटरकडची बाजू) उघडी पडली की जीवघेणा व्होल्टेज येतो. आधी शॉर्ट करा. आमच्या वायरमनने ५०० रुपयांत रेशो पुन्हा २००/५ केला. मीटर आता बिलाशी जुळतंय.