जपानची जिम्नी आणि बुडालेले तीन लाख

गाडी होती तीन दारांची सुझुकी जिम्नी. मारुती इथे पाच दारांचीच विकते, त्यामुळे तीनदारीसाठी शौकीन लोक जीव टाकतात. हे हेरूनच अंधेरीतल्या एका एजंटने मला आणि माझ्या मेहुण्याला गाठलं. "साहेब, जपानची गाडी, दोनच वर्षं वापरलेली. स्टिअरिंग उजवीकडे, आरटीओत काही अडचण नाही." बुकिंगचे तीन लाख आम्ही भरले.

उजव्या स्टिअरिंगची अट खरीच आहे. पण हे एक खरं सांगून तो बाकीचं सगळं झाकायचा. सेकंडहँड गाडी बनून तीन वर्षांहून जास्त झाली असतील तर ती इथे आणता येत नाही. उतरवायची तीही मुंबई बंदरातच. कस्टम्समधून सुटण्याआधी पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेकडून तपासणी लागते. वर ड्युटी, जीएसटी. वयाचा विषय काढला की हा केनियावर जायचा, तिथे म्हणे आठ वर्षांपर्यंतची चालते. चालते ना, पण आम्ही राहतो डोंबिवलीत, मोम्बासात नाही!

त्याने लिलावाचा जपानी कागद पाठवला होता. वरच्या कोपऱ्यात 'एच 30'. "तीस हजार किलोमीटर झालेत," म्हणाला. माझा मावसभाऊ मस्जिद बंदरला एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटकडे, कामाला आहे. त्याला कागद दाखवला तर तो हसायलाच लागला. एच म्हणजे हेइसेई, जपानी सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेलं वर्ष. हेइसेई 30 म्हणजे 2018, म्हणजे गाडी तीन वर्षांच्या अटीत बसतच नाही!

तोवर एजंटचा तगादा सुरू झाला होता. गाडी न्हावा शेवाला लागलीय, ड्युटीचे चार लाख आजच टाका, नाहीतर डेमरेज, म्हणजे बंदरात पडून राहिल्याचा आकार, चढेल. भाऊ म्हणाला, न्हावा शेवा हे वेगळं बंदर, जुनी गाडी तिथे कशी उतरेल? बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयातीच्या कस्टम्स कागदाचा, नंबर माग, कस्टम्सच्या आइसगेट वेबसाइटवर लगेच बघता येतो. नंबर मागितला आणि फोन बंद झाला तो झालाच. पैसेही फर्मच्या नव्हे, कुणाच्या तरी बचत खात्यात गेले होते. तक्रार दिलीय, अजून हाती काही नाही.

आता तोच कागद नवीन गोष्टीसह फिरतोय: गाडी दुबईत वापरलेली आहे म्हणे. दुबईत उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला नेहमीची नोंदणीच मिळत नाही. कुणी दाखवली तर तिथल्या नोंदणीचा कागद मागा, आणि तो येईपर्यंत एक रुपयाही सोडू नका.