अ‍ॅबरडीनची ज्युनिअर लीग: हंगामभर प्रेक्षकाच्या पदरी काय पडतं

अ‍ॅबरडीन आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्याला शनिवारी दुपारी थोडक्या पौंडांत खरा, अंगावर येणारा फुटबॉल बघायचा असेल, तर स्कॉटिश ज्युनिअर फुटबॉलच्या नॉर्थ रीजन लीगइतका चांगला पर्याय नाही. पण ऑगस्टपासून स्कॉटलंडच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत दर शनिवारी सामना मिळणारच, असं गृहीत धरू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी हा हंगामाचा पोकळ भाग आहे. आमचा कौल स्पष्ट आहे: ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि एप्रिल ते शेवट, या दोन टप्प्यांत ही लीग बघावी. मधल्या महिन्यांत जे मिळेल ते वरकड समजावं.

नावात ज्युनिअर असलं तरी ही मुलांची स्पर्धा नाही. आठवडाभर नोकरी करून शनिवारी खेळणारे हे प्रौढ खेळाडू आहेत आणि टॅकल कच्चे नसतात. स्कॉटिश ज्युनिअर फुटबॉल असोसिएशन १८८६ साली स्थापन झाली. एकेकाळी देशभर तिच्या प्रादेशिक लीग होत्या. २०१८ मध्ये पूर्वेकडचे बरेच क्लब सीनियर पिरॅमिडमध्ये, म्हणजे बढती मिळत वर जाता येणाऱ्या लीगच्या मुख्य उतरंडीत गेले, २०२० मध्ये पश्चिमेकडचे सगळे गेले आणि २०२१ मध्ये टेसाइडकडच्या (डंडीच्या परिसरातल्या) क्लबांनीही तोच रस्ता धरला. प्रादेशिक ज्युनिअर लीग म्हणून उरला तो हा ईशान्य कोपरा. त्यामुळे जुन्या पद्धतीचं ज्युनिअर फुटबॉल हंगामभर बघायचं तर इथेच यावं लागतं.

दर्जाचा अंदाज हवा असेल तर दोन खुणा पुरेत. २०२२ मध्ये याच लीगमधला बँक्स ओ' डी हा क्लब फोर्ट विल्यमला हरवून वरच्या पायरीवरच्या हायलँड लीगमध्ये गेला. आणि २३ जानेवारी २०२३ ला स्कॉटिश कपमध्ये डार्वेल या छोट्या क्लबने सर्वोच्च लीगमधल्या अ‍ॅबरडीन एफसीला १-० ने घरी पाठवलं. डार्वेल २०२० पर्यंत पश्चिमेच्या ज्युनिअर लीगमध्येच होता.

आता वेळापत्रकाकडे येऊ, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. बऱ्याच मैदानांवर फ्लडलाइट नाहीत. डिसेंबरच्या उत्तरार्धात अ‍ॅबरडीनला सूर्य साडेतीनच्या आसपास मावळतो. म्हणून थंडीत सामना दुपारी दीडच्या सुमारास सुरू करावा लागतो, आणि दुखापतीमुळे खेळ थोडा जास्त थांबला की शेवटची दहा मिनिटं अंधुकच असतात. ऑगस्टमधली वेळ डोक्यात ठेवून डिसेंबरात पोहोचलात, तर पूर्वार्धाचा बराच भाग हुकलाच म्हणून समजा. सुरुवातीची वेळ दर आठवड्याला बघा.

सामना रद्द होण्याची कारणं तीन: पाणी, बर्फ आणि कडक गारठा. पैकी गारठा सगळ्यात फसवा. त्या दिवसांत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम नऊ-दहा अंश वर येतो. झाडांची रांग किंवा क्लबची छोटी इमारत दक्षिणेला असेल, तर तिची सावली दिवसभर मैदानाच्या त्याच पट्ट्यावर पडून राहते. उरलेलं मैदान हिरवं, मऊ; आणि टचलाइनलगतची चार-पाच मीटरची पट्टी दगडासारखी. पंच तपासणीला येतात तेव्हा आधी तिथेच जातात. बुटाची टाच रोवून बघतात, चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडतात. टाच रुतली नाही आणि आदल्या सामन्यात स्टडने पडलेले खळगे तसेच गोठलेले दिसले, की सामना रद्द. एवढ्याशा पट्टीसाठी कशाला, असं कुंपणाबाहेरून वाटतं. पण धावता धावता मऊ मातीवरून गोठलेल्या मातीवर पाय पडला, की घोटा आणि गुडघा दोन्ही जातात. हा निर्णय कडक असतो आणि तसाच असायला हवा.

पाण्याची तपासणी सोपी: चेंडू पायाने ढकलायचा. गोलसमोर किंवा मध्यवर्तुळात तो थबकला तर आशा कमी. टचलाइनजवळ थोडं पाणी असेल तर झाडू आणि माती टोचायच्या काट्याने भागतं. गोलसमोर वाळू टाकतात. ही तपासणी बहुतेकदा सकाळी होते आणि निकाल क्लबच्या फेसबुक किंवा एक्सच्या पानावर येतो. तो बघितल्याशिवाय लांबच्या गावची बस किंवा गाडी पकडू नये. या लीगची खरी उणीव इथेच आहे: माहिती क्लबागणिक विखुरलेली असते, आणि काही क्लब तत्परतेने कळवतात तर काही अगदी शेवटच्या घटकेला. एका ठिकाणी, ठरलेल्या वेळी सगळ्या मैदानांची स्थिती जाहीर झाली, तर प्रेक्षक नक्की वाढतील.

रखडलेले सामने एप्रिल-मेमध्ये भरून काढतात. एप्रिलच्या अखेरीस साडेआठ वाजून गेल्यावरही उजेड असतो, त्यामुळे दिव्यांशिवाय मधल्या वारी संध्याकाळी सामने होतात. बघणाऱ्याची चंगळ, खेळणाऱ्यांचे हाल. काही क्लबांना आठवड्यात दोन-तीन सामने खेळावे लागतात, कुणाला शिफ्ट बदलून मिळत नाही, संघ तोकडा पडतो, आणि मग संघाच्या यादीत नावाऐवजी नुसतं 'ट्रायलिस्ट' (चाचणीपुरता घेतलेला खेळाडू) असं दिसतं. म्हणून फेब्रुवारीतला गुणतक्ता वाचताना गुणांच्या आधी खेळलेल्या सामन्यांचा रकाना बघा. पहिल्या क्रमांकाच्या संघाने पाच सामने जास्त खेळले असतील, तर ती आघाडी फसवी आहे. गुणांना सामन्यांनी भागा, खरी क्रमवारी दिसते.

वाऱ्याचाही हिशोब हवा. किनाऱ्यालगतच्या मैदानांवर वाऱ्याविरुद्ध मारलेली गोलकिक मध्यरेषा गाठत नाही, उलट कधी कॉर्नरला जाते. वाऱ्यासोबत हल्ला करणाऱ्या संघाच्या समोरच्या गोलमागे उभे राहा, आणि मध्यंतरात बाजू बदला. कठड्याला टेकून मैदानाभोवती हवं तिथे फिरता येतं, हे इथलं मोठं सुख. बचावपटू एकमेकांना काय ओरडतात ते शब्द न् शब्द ऐकू येतं. छत्री उपयोगाची नाही. टोपी, वाराबंद जॅकेट आणि पाणी न शिरणारे बूट पाहिजेत; ओल्या गवतावर दोन तास उभं राहिल्यावर आधी पाय गारठतात.

खाण्याचं सांगायलाच हवं, कारण अ‍ॅबरडीनच्या तेल उद्योगात मराठी कुटुंबंही आहेत आणि मैदानावरच्या खाण्याच्या खिडकीवर प्रश्न हमखास येतो. स्कॉच पाय (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) तळहाताएवढा, गोल. आवरण गरम पाण्यात मळलेल्या पिठाचं, कडक. वरचं झाकण कडेपेक्षा बोटभर खाली बसवलेलं, म्हणजे त्या खोलगट जागेत ब्राउन सॉस मावतो. सारण परंपरेने मटणाचं, मिरपूड सढळ. पण बरेच बेकर बीफ वापरतात, म्हणून विचारूनच घ्या. स्टेक पाय म्हणजे बीफच. बोव्हरिल हे गरम पेयही बीफच्या अर्काचं असतं. शाकाहारी माणसाने मॅकरोनी पाय मागावा. असला तर मध्यंतराआधीच घ्या, लवकर संपतो. चांगला पाय उलटा केला तरी तळ कोरडा आणि टणक लागतो. तळ ओला असेल तर तो उबदार कपाटात फार वेळ राहिलेला आहे. प्रवेश आणि खाणं दोन्हींसाठी रोख पैसे जवळ ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही.

मैदानं निवडताना आधी रेल्वेचा नकाशा बघावा. डाइस, इन्व्हरूरी, स्टोनहेवन इथे गाडीने जाता येतं; इन्व्हरूरीत कॉलनी पार्क, स्टोनहेवनचं मैदान ग्लेन्युरी पार्क. इन्व्हरनेसच्या मार्गावर कीथ, एल्गिन, फॉरेस, नेर्न ही गावं आहेत. एलन, पीटरहेड, फ्रेझरबर्गला रेल्वे उरलेली नाही, बस हाच मार्ग. शहरातल्या शहरात बघायचं तर हॉल रसेल युनायटेड आहे, जहाजबांधणीच्या गोदीचं नाव अजून मिरवणारा. सनीबँकही आहे, ज्याने १९५४ मध्ये ज्युनिअर कप जिंकला. बँक्स ओ' डीने तो १९५७ मध्ये आणला.

हा कप अजून देशभराचा आहे, कारण सीनियरमध्ये गेलेले बरेच क्लब त्यात उतरतात. १९५१ च्या अंतिम सामन्याला ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर ७७,६५० प्रेक्षक होते. तेवढी गर्दी आता नाही, पण सोडत निघाली की उत्तरेच्या क्लबला थेट नैऋत्येच्या एअरशरमधल्या ऑखिनलेक टॅलबट या क्लबकडे, सुमारे २९० किलोमीटरवर, जावं लागू शकतं. क्लबच्या बसमध्ये जागा असेल तर हा प्रवास जरूर करा. इकडे घरी एअरशरचा संघ येणार असेल तर तो शनिवार आधीच राखून ठेवा. हंगामातला सगळ्यात चुरशीचा सामना तोच ठरण्याची शक्यता असते.

एक गोष्ट मात्र खटकते. हायलँड लीगमध्ये बढतीसाठी स्कॉटिश एफएचा (फुटबॉल संघटनेचा) परवाना लागतो आणि त्यासाठी फ्लडलाइट लागतात. लीग जिंकूनही दिवे नाहीत म्हणून वर जाता येत नाही, अशी स्थिती लहान क्लबांची होते. दिव्यांचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि मे महिन्यातल्या शर्यतीची धार त्यामुळे थोडी बोथट होते.

हंगामी पास घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: त्यात कपचे सामने धरलेत का, आणि घरचे सामने मधल्या वारी ढकलले गेले तर तुम्हाला जमणार आहे का. दोन्हींचं उत्तर हो नसेल, तर दारावर पैसे देऊन बघणंच स्वस्त पडतं. क्लबला मदत करायची असेल तर उरलेल्या पैशांत मध्यंतराच्या सोडतीची तिकिटं घ्या.