वर्डचे मेल मर्ज: मराठी पत्रांवर 'मा.', 'डॉ.', 'श्रीमती' नीट उमटतात का?

दोनशे निमंत्रितांना नावानिशी पत्र धाडायचे, तर वर्डमधले मेल मर्ज, म्हणजे यादीतली नावे एकाच पत्रात आपोआप भरणारी सोय, फार उपयोगी. त्यातली तयार 'ग्रीटिंग लाइन' मात्र मराठी पत्रात वापरू नका. ती 'डिअर', उपाधी, आडनाव या इंग्रजी साच्यावर बेतलेली आहे. आपल्या पत्रात उपाधी 'प्रति'खालच्या नावाला लागते आणि मायना 'महोदय' किंवा 'महोदया' एवढाच.

म्हणून एक्सेलच्या यादीत उपाधी, नाव, आडनाव, पदनाम आणि मायना असे पाच रकाने करा. मग 'मेलिंग्ज'मध्ये 'सिलेक्ट रेसिपियंट्स'मधून यादी जोडून 'इन्सर्ट मर्ज फील्ड'ने एकेक रकाना पत्रात बसवा. यादीत 'स्त्री' किंवा 'पुरुष' असे लिहून त्यावरून मायना सूत्राने काढायचा मोह आवरा. 'स्त्री' या शब्दापुढे चुकून एक स्पेस पडली तरी सूत्राला तो शब्द वेगळा वाटतो आणि प्राचार्याबाईंना 'महोदय' जाते. एक्सेलमधल्या 'डेटा व्हॅलिडेशन'ने रकान्याला ठरावीक पर्यायांची यादी लावून मायना निवडूनच भरा.

उपाधीसाठीही तशीच यादी हवी. 'ॲड.' मधला 'ॲ' दोन तऱ्हांनी टंकता येतो: सलग एक अक्षर, किंवा 'अ'वर चंद्र. दिसायला सारखेच, पण फिल्टरमध्ये वकिलांचे दोन गट पडतात आणि एका गटाची पत्रे छापायची राहून जातात.

खरी कसोटी यादी भरणाऱ्याची. 'श्री. डॉ.' लिहू नये, 'डॉ.' पुरते. 'प्रा. डॉ.' मात्र मराठीत रूढ आहे. मंत्र्यांना 'मा. ना.', आमदारांना 'आ.', खासदारांना 'खा.'. कार्यालयीन पत्रात 'सौ.' आणि 'कु.' नकोच, कामाच्या पत्राला बाईंच्या लग्नाशी काय करायचे आहे? सरसकट 'श्रीमती' लिहावे. हा शब्द फक्त विधवांसाठी, असे मानणारी मंडळी अजून आहेत, पण शासकीय पत्रव्यवहारात तो सर्व स्त्रियांसाठी चालतो. अधिकारी बदलून जाण्याची शक्यता असेल तर नाव गाळून 'मा. जिल्हाधिकारी' एवढेच लिहा.

यादी सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केली, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात. साधी एक्सेल फाइलच ठेवा. 'प्रिव्ह्यू रिझल्ट्स'मध्ये उपाधीचा रकाना रिकामा असलेली पत्रे आधी पाहा, नावाआधी उरलेली मोकळी जागा तिथेच दिसते.