पॉवर प्रेसचा लाईट कर्टन: डाव्या हाताचा रिव्ह्यू

पाचपैकी चार तारे.

मी 40 टनी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर, काम करतो. माझ्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर याच प्रेसखाली गेलं, म्हणजे मी काही तटस्थ माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बोट गेल्यावर सगळ्यात आधी आला तो फलक: ‘सावधान, हात सांभाळा.’ मग हातमोजे वाटले. हातमोज्याने रॅम, म्हणजे वरून खाली येणारा प्रेसचा जड भाग, अडत असता तर आणखी काय हवं होतं! टाके घालून मी परत येईपर्यंत अपघाताचा फॉर्म भरूनही झाला होता. कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’. मी सही केली नाही. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात त्यांवर म्हणजे रॅमखाली नाहीत. मी खाली लिहिलं, ‘डावं बटण महिनाभर चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. तसं केल्याशिवाय टार्गेट होत नाही.’

या तीन वाक्यांमुळे गाडी हलली. तपासणीला आलेल्या बाईंनी पट्टी कोणी लावली हे विचारलंच नाही. म्हणाल्या, बटण बांधलं तरी प्रेस चालते कशी? नीट बनवलेल्या दोन हातांच्या कंट्रोलला दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक येतच नाही. आमच्याकडे नुसते दोन स्विच एकामागे एक जोडलेले होते. ते कंट्रोल बदललं आणि जोडीला कर्टन आला.

दोन खांब, मधे न दिसणारे किरण. आमचा टाइप 4 आहे, म्हणजे सुरक्षेच्या वरच्या दर्जाचा, 14 मिमीचा, म्हणजे बोटही पकडतो. किरण तुटला की रॅम थांबतो. पण हे फक्त फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर, ती मधेच थांबवता येते. शेजारची जुनी प्रेस की क्लचची आहे. ती एकदा सुटली की पूर्ण फेरा मारूनच थांबते, मधे देव आला तरी. तिथेही कर्टन लावायचं घाटत होतं. आमच्या फिटरने साफ नकार दिला आणि जाळीचा पक्का गार्ड बसवला. फक्त पत्र्याची पट्टी आत जाईल एवढीच फट.

आमच्या प्रेसवर पहिल्या दिवशी कर्टन डायपासून, म्हणजे रॅमखालच्या साच्यापासून, 250 मिमीवर लावला. दिसायला छान. मग थांबायचा वेळ मोजला: प्रेसचे 195 मिलिसेकंद, कर्टनचे 15. हात सेकंदाला 2 मीटर जातो असं धरतात, म्हणजे अंतर हवं 420 मिमी. खांब मागे सरकवावे लागले. ब्रेकचे लायनर झिजले की हा वेळ वाढतो, 50 मिलिसेकंद वाढला तर 100 मिमी अंतर कमी पडतं. म्हणून ते पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. विकणारा हे सांगत नाही.

कर्टन फक्त समोरून राखतो. दोन्ही बाजूंना आणि मागे जाळी हवीच. पंच, म्हणजे रॅमला लावलेलं हत्यार, फुटून तुकडा उडाला तर किरणांना त्याचं काही पडलेलं नाही. आणि डाय बदलताना कर्टनच्या भरवशावर हात घालू नका. रॅमखाली ठोकळा लावा, मेन स्विचला कुलूप घाला, किल्ली आपल्याच खिशात ठेवा.

एक तारा कापला तो बायपासच्या चावीसाठी, म्हणजे कर्टन बंद ठेवून प्रेस चालवायच्या चावीसाठी. काचेवर तेलाचा धूर बसला की प्रेस उगाच थांबते, आणि तिसऱ्यांदा थांबली की कोणीतरी चावी शोधायला लागतं. पहिले दोन महिने ती पॅनेललाच लटकत होती! आता शिफ्ट इनचार्जकडे असते, वहीत सही करून मिळते. काच पुसायला आम्हाला दहा मिनिटं वेगळी मिळाली, तेव्हापासून वहीची पानं कोरी राहायला लागली.

कर्टनसोबत 14 मिमीची एक दांडी येते. शिफ्टच्या सुरुवातीला ती वर, मधे, खाली फिरवायची, किरण तुटल्याचा लाल दिवा एकदाही विझता कामा नये. ती मी डाव्या हातानेच फिरवतो.