देवगडात नऊ महिने गेमिंग लॅपटॉप: आय-सेव्हन सोडून स्क्रीन घेतली

दसऱ्याला घेतला, आता आषाढ चालू आहे. फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेलो तेव्हा डोक्यात फक्त इंटेलचा आय-सेव्हन प्रोसेसर होता. दुकानात दोन मशिनं समोर आली, किमतीत हजार-दीड हजाराचा फरक. ग्राफिक्स कार्ड दोन्हीत आरटीएक्स 4060, 8 जीबीचं. एकात आय-सेव्हन 13650 एचएक्स आणि 144 हर्ट्‌झची (सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारी) साधी फुल एचडी स्क्रीन. दुसऱ्यात आय-फाइव्ह 13450 एचएक्स, पण 16 इंची, 2560 बाय 1600 ची, 165 हर्ट्‌झ, शंभर टक्के एसआरजीबी, म्हणजे फोटोंसाठी ठरलेल्या प्रमाण रंगपट्ट्यातले सगळे रंग दाखवणारी.

दुकानदार आय-सेव्हनचे 14 कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) मोजून दाखवत होता. आय-फाइव्हला 10. पण त्यातले मोठे कोअर दोघांनाही सहाच, वाढीव चार आहेत ते छोटे. गेमचा भार मुख्यतः मोठ्या कोअरवर पडतो आणि त्याआधी बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच दमतं. म्हणून आय-फाइव्ह उचलला. दिवसभर व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने मात्र माझं ऐकू नये, त्याला ते छोटे कोअर कामी येतात.

स्क्रीनचं खरं महत्त्व कळलं ते आंब्याच्या हंगामात. आमची थोडी कलमं आहेत, पेट्यांचे फोटो मीच एडिट करून ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. जुन्या लॅपटॉपची स्क्रीन 45 टक्के एनटीएससीची (रंग मोजायचं दुसरं माप) होती, म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग. हापूस त्यावर फिका दिसायचा, मी रंग चढवत न्यायचो आणि लोकांच्या फोनवर तो शेंदूर फासल्यासारखा पोचायचा. बाबांनी एकदा पाहिलं नि म्हणाले, "ह्यो आंबो आपलो न्हय रे!" यंदा रंगाला हात लावायची वेळच आली नाही. शिवाय पडवीत भर दुपारी बसूनही अक्षर दिसतं. जुनी 250 निट्सची (निट्स म्हणजे उजेडाचं माप) होती, तिच्यात माझंच तोंड दिसायचं.

आता खटकलेलं. 2560 बाय 1600 म्हणजे जवळजवळ 41 लाख पिक्सेल, फुल एचडीच्या दुप्पट. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमला काही वाटत नाही, पण सायबरपंकसारख्या जड गेममध्ये डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करणारी सोय) लावल्याशिवाय गती नाही. रिझोल्यूशन 1920 बाय 1200 केलं की पिक्सेल नीट जुळत नाहीत, चित्र मऊ पडतं. फक्त गेमच खेळायचे असतील तर चांगल्या रंगांची फुल एचडी स्क्रीन शोधा. आणि 4060 हे नाव बघून भुलू नका: हेच कार्ड 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत मिळतं, बारीक लॅपटॉपमध्ये कमी वॅटचं असू शकतं. दुकानात वॅट विचारा. मी विचारले तेव्हा दुकानदाराने चार्जरचे सांगितले!

रॅम 16 जीबी आली, पण एकाच स्टिकमध्ये. दुसरी स्टिक टाकल्यावर गेममधले मधले झटके कमी झाले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

लाईटचं काय सांगू. जूनमध्ये वारा सुटला की गेलीच. बॅटरीवर कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही, त्यामुळे ऐन सामन्यात सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम अर्ध्याहून खाली येतात. आता विजा चमकायला लागल्या की मी स्वतःच प्लग काढून ठेवतो. एरवी तो प्लगलाच असतो, म्हणून बॅटरी टिकावी यासाठी चार्जिंग 80 टक्क्यांवर अडवलंय.

मे महिन्यात मात्र पंख्यांनी घर डोक्यावर घेतलं. प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे. उघडून बघितलं तर जाळीत जांभ्याची लाल धूळ, ओलाव्याने चिकटून बसलेली. ब्रशने काढल्यावर सात-आठ अंश उतरला. खालच्या दोन स्क्रूंच्या डोक्यांवर गंज धरलाय, समुद्र घरापासून हाकेवर आहे त्याचा प्रसाद. वॉरंटीवाल्यांना फोटो पाठवला तर म्हणाले, लॅपटॉप कोरड्या जागी ठेवा. देवगडात, आषाढात!